अकरावीत सुटलेलं गणित

मांजरेच्या खोऱ्यात, कळंब तालुक्यातल्या एका गावात, मे महिन्यात आम्ही एक विहीर मोजत बसलो होतो. विहीर शेतकऱ्याची, साधी. सात मीटर व्यास, सहा परस खोली. वरचे दोन परस मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक, तळाशी काळा पाषाण. सकाळी तळापासून २.६ मीटर पाणी होतं. सात ते नऊ मोटर चालवली तेव्हा ते १.२ मीटरवर उतरलं. मग मोटर बंद करून पाणी कसं भरून येतं ते पाहायचं, दर तासाला टेप सोडायची आणि आकडा वहीत लिहायचा, एवढंच काम होतं. बरोबरची विद्यार्थिनी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि विहीर तिच्या वडिलांचीच होती. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

दुपारी लिंबाखाली बसून मी तिला थाइसचं सूत्र समजावत होतो. चार्ल्स थाइस हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ. विहिरीतून पाणी उपसलं की भोवतालच्या भूजलाची पातळी किती अंतरावर, किती वेळात, किती उतरते हे सांगणारं समीकरण त्यानं १९३५ साली मांडलं. जगातल्या प्रत्येक भूजलाच्या वर्गात ते आजही शिकवलं जातं. मी बोलत असताना तिनं मधेच विचारलं, "सर, पण विहिरीत आधीच उभं असलेलं पाणी यात कुठं धरलंय?"

ते त्यात धरलेलंच नाही. थाइसची विहीर बारीक बोअरसारखी आहे, इतकी बारीक की तिच्यातल्या पाण्याचा हिशेब सोडून दिला तरी चालतो. आपली विहीर सात मीटरची. आम्ही तिथंच वहीवर आकडेमोड केली. दोन तासांत मोटरनं साधारण साठ हजार लिटर पाणी फेकलं. पातळी १.४ मीटर उतरली, म्हणजे विहिरीत उभं असलेलंच चोपन्न हजार लिटर गेलं. खडकानं त्या दोन तासांत दिलेलं पाणी जेमतेम पाच-सहा हजार लिटर. दहातला एकच भाग जमिनीतून आला, बाकी सगळं साठवणीतलं. हे ध्यानात न घेता थाइसचं सूत्र लावलं तर खडकाच्या गुणाचा आकडा साफ चुकतो. मोठ्या व्यासाच्या विहिरीसाठी वेगळं गणित लागतं, हे पापाडोपुलोस आणि कूपर या दोघांनी १९६७ साली लेख लिहून दाखवून दिलं. थाइसच्या सूत्रानंतर बत्तीस वर्षांनी. मुलीनं तो लेख वाचलेला नव्हता. लहानपणापासून ती विहीर उपसताना आणि भरताना पाहत आली होती, म्हणून तिला प्रश्न पडला.

पुढच्या वर्षी तिनं एका नामवंत संस्थेत जलविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. छाननीतच तो बाद झाला. पदवीला गणित हा विषय नव्हता, हे कारण. अर्जात विहिरीविषयी लिहायला रकाना नव्हता.

तीस वर्षं भूशास्त्र शिकवल्यावर माझं जे मत बनलं आहे ते सरळ सांगतो. गणिताची अट बरोबर आहे. ती चुकीच्या जागी उभी केली आहे. जलविज्ञान शिकणाऱ्याला गणित आलंच पाहिजे, आणि ते वर्गात शिकवता येतं. पाण्याकडे पाहण्याची नजर वर्गात क्वचितच येते, तरी दारात आपण तिची चौकशीसुद्धा करत नाही. जे आत शिकवणं शक्य आहे ते बाहेर मागतो, आणि जे आत शिकवणं अवघड आहे ते आपोआप येईल असं धरून चालतो.

प्रवेशाच्या अटींची यादी कोणीतरी सहज टंकलेली नसते. एखादा विभाग स्वतःचा विषय काय समजतो, ते तिच्यात उतरलेलं असतं. रुरकीचंच घ्या. तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज १८४७ साली सुरू झालं ते गंगेच्या कालव्यासाठी माणसं तयार करायला, आणि कालवा १८५४ साली वाहू लागला. भारतात पाणी हा विषय विद्यापीठात शिरला तो असा, कालवा-बांध-पूल यांच्या वाटेनं. पाणी म्हणजे वाहून न्यायची, अडवायची, मोजून सोडायची गोष्ट. ते पाणी डोळ्यांसमोर असतं, त्याचा काठ दिसतो, त्याला उतार देता येतो. खडकाच्या भेगेतलं पाणी या विचारात उशिरा आलं आणि पाहुण्यासारखं आलं.

युनेस्कोनं १९६५ ते १९७४ हे आंतरराष्ट्रीय जलविज्ञान दशक पाळलं. त्याच काळात, १९७२ साली, रुरकीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, आणि १९७८ साली तिथंच राष्ट्रीय जलविज्ञान संस्था स्थापन झाली. अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठानं १९६१च्या सुमारास या विषयाचा वेगळा अभ्यासक्रम काढला, वाळवंटी राज्याला पाण्याची विवंचना होती म्हणून. तरीही जलविज्ञान हे नक्की कोणाचं, हा वाद मिटला नव्हता. १९९१ साली पीटर ईगल्सन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेसाठी अहवाल लिहिला. जलविज्ञान ही इंजिनिअरिंगची शाखा नसून पृथ्वीविज्ञानातलं स्वतंत्र शास्त्र आहे, हे त्यात ठासून मांडावं लागलं. इतक्या उशिरा ते सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

आज अमेरिकेतल्या बहुतेक विभागांची मागणी सारखीच असते. कॅल्क्युलसची दोन-तीन सत्रं, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवर उभं असलेलं भौतिकशास्त्र, रसायन, थोडं भूशास्त्र, आताशा प्रोग्रॅमिंग. तीन शिफारसपत्रं, इंग्रजीची परीक्षा, आणि आपण का येतो आहोत हे सांगणारं निवेदन. जीआरईची अट गेल्या काही वर्षांत अनेक भूविज्ञान विभागांनी काढून टाकली, ते चांगलंच झालं. आपल्याकडे गेट. तिथं मला एक विसंगती फार खटकते. गेटच्या भूशास्त्राच्या अभ्यासक्रमात विहिरींचं जलगतिशास्त्र आहे, पण त्या पत्रिकेत इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचा भाग नाही. सिव्हिलच्या पत्रिकेत तो आहे. म्हणजे भूशास्त्राच्या मुलानं विहिरीचं सूत्र पाठ करायचं, आकडे घालायचे, उत्तर काढायचं, पण सूत्र आलं कुठून हे त्याला कोणी विचारणार नाही. आणि सिव्हिलच्या मुलाला ते कुठून आलं हे सांगता येईल, पण मांजऱ्या आणि काळा पाषाण यांतला फरक हातात दगड घेऊन सांगता येईलच असं नाही. विषयाचे दोन तुकडे झाले आहेत आणि दोघांनाही अर्ध्याचंच प्रशस्तिपत्र मिळतं.

गणिताची बाजू मी मनापासून घेतो, कारण त्याच विहिरीवर त्याच रात्री गणितानं काय दाखवलं ते मी पाहिलं आहे. नऊ वाजता मोटर बंद झाल्यावर पाणी तासाला आठ सेंटिमीटर चढू लागलं. दहा वाजता आठ, बारा वाजता आठ, चार वाजता आठ. आलेखावर ठिपके पट्टीनं ओढल्यासारखे सरळ रेषेत. मुलगी म्हणाली, अशानं चार-पाच दिवसांत विहीर तोंडापर्यंत भरेल. संध्याकाळी सातला पाणी दोन मीटरवर आलं आणि रेषा वाकली. मध्यरात्री तासाला पाच सेंटिमीटर, पहाटे पाचला तीन.

अण्णा काठावर घोंगडं टाकून झोपले होते. सकाळी आम्ही त्यांना आलेख दाखवला, तर त्यांनी तो धड पाहिलाही नाही. विहिरीत बोट दाखवून म्हणाले, "झरा हितं हाय की. पाणी त्याच्या वर गेलं म्हंजी झरा दबतो." बोट दाखवलं ती जागा तळापासून दोन मीटरवर होती.

झऱ्याच्या खाली पाणी आहे तोवर भेगेतून पडणारं पाणी मोकळ्या हवेत पडतं. त्याला समोरून अडवणारं काही नसतं, म्हणून ते एकसारखं पडत राहतं आणि रेषा सरळ येते. पाणी झऱ्याच्या वर चढलं की भेगेतल्या पाण्याला विहिरीतल्या पाण्याच्या वजनाविरुद्ध आत यावं लागतं. दोन्हींच्या उंचीतला फरक जसा कमी होतो तसा भरण्याचा वेगही कमी होतो. वेग उरलेल्या फरकाच्या प्रमाणात. हे वाक्य म्हणजेच डिफरन्शियल इक्वेशन. कॅल्क्युलसच्या पुस्तकात पहिल्या काही प्रकरणांतच ते भेटतं, चहा निवण्याच्या किंवा किरणोत्सर्गाच्या उदाहरणात. इथं ते विहिरीत होतं. अण्णांच्या बोटानं झरा कुठं आहे ते सांगितलं. गणितानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. भरण्याचा वेग साधारण दर सात तासांनी निम्मा होतो. आणि विहीर कितीही थांबलो तरी २.८ मीटरच्या वर फारशी जाणार नाही, कारण भेगेमागचं पाणीच तेवढ्या उंचीचं आहे. तोंडापर्यंत भरण्याची आशा तिथंच संपली. सकाळी किती तास मोटर चालवावी, दोन उपशांत किती खंड ठेवावा, ज्वारीला एक पाळी बसेल की दोन, हे सगळं त्या दोन आकड्यांत होतं. अण्णांना झरा माहीत होता, २.८ माहीत नव्हता.

तेव्हा गणित नको, नुसता अनुभव पुरे, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. अनुभवाच्या नावाखाली पाणाड्यांचा नारळही खपवला जातो आणि दरवर्षी शेतकऱ्यांचे बोअरचे लाखो रुपये कोरड्या भोकात जातात, हे पाहिलेल्या माणसाला गणिताची किंमत कळते.

माझं भांडण वेगळ्या जागी आहे. या मुलीचं गणित सुटलं ते अकरावीत. दहावीनंतर तिनं जीवशास्त्राचा गट घेतला, कारण घरच्यांना वाटलं डॉक्टर व्हावी. नीटमध्ये नंबर लागला नाही, तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आली, भूशास्त्र घेतलं आणि त्यात रमली. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, खानदेशातल्या कॉलेजांत भूशास्त्राच्या वर्गात अशीच मुलं जास्त असतात. सोळाव्या वर्षी, जलविज्ञान हा शब्दही कानावर पडलेला नसताना, एका अर्जावरच्या एका खुणेनं त्या विषयाचं दार बंद होतं. पुढच्या पाच वर्षांत तिनं काय पाहिलं, काय मोजलं, तिला काय प्रश्न पडले, याला त्या खुणेपुढे काही मोल राहत नाही. ज्या राज्याच्या चार-पंचमांशांहून जास्त जमिनीखाली बेसॉल्ट आहे, आणि ज्याच्या खेड्यांचं पिण्याचं पाणी त्या बेसॉल्टच्या भेगांवर अवलंबून आहे, त्या राज्यात बेसॉल्ट ओळखणारी मुलंच भूजलाच्या उच्च शिक्षणाबाहेर राहतात. मला हे नुकसान त्या मुलांपेक्षाही विषयाचं वाटतं.

यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे. गणित मागाहून शिकवायचं म्हटलं तर कोण शिकवणार आणि त्याला किती वेळ लागणार? पदव्युत्तर वर्गातले प्राध्यापक कॅल्क्युलस पहिल्यापासून शिकवत बसले तर भूजलाचं प्रतिमान कधी शिकवणार? माझ्याजवळ याचं एकच उत्तर आहे, आणि ते एका मुलीपुरतं आहे. अर्ज बाद झाल्यावर गणित विभागातल्या माझ्या सहकाऱ्यानं तिला वर्षभर शिकवलं, आठवड्यातून तीन संध्याकाळी. अकरावी-बारावीची पुस्तकं दोन महिन्यांत संपली. आलेखाचा उतार म्हणजे डेरिव्हेटिव्ह, हे तिला सांगावं लागलं नाही, तासाला आठ सेंटिमीटर तिनं स्वतः मोजले होते. इंटिग्रेशनला तिला त्रास झाला, अनेक चलांचं कॅल्क्युलस अजून कच्चं आहे. पण फर्स्ट-ऑर्डर डिफरन्शियल इक्वेशन्स ती आज सोडवते, आणि उत्तर आलं की ते विहिरीत कसं दिसेल ते सांगते. हा दुसरा भाग मी सिव्हिलच्या गुणवत्ता यादीतल्या मुलांमध्येही फार कमी पाहिला आहे.

अमेरिकन विभागांच्या अटींमध्ये एक ओळ बहुधा शेवटी, बारीक अक्षरांत असते. एखादा पायाभूत विषय झालेला नसेल तर प्रवेशानंतर तो पूर्ण करता येईल, मात्र त्याचे गुण पदवीत धरले जाणार नाहीत. आपल्या मुलांना ही ओळ कोणी वाचून दाखवत नाही. यादी पाहून ती अर्जच करत नाहीत. ही ओळ मला पूर्ण यादीत सर्वांत शहाणी वाटते. ती अट ढिली करत नाही, फक्त तिला दाराबाहेरून आत नेते. आपल्याकडे हे अगदीच परकं आहे असंही नाही. रुरकीच्या त्याच विभागात सुरुवातीपासून आशिया-आफ्रिकेतल्या देशांचे नोकरीत असलेले अभियंते आणि शास्त्रज्ञ शिकायला येत. ते आपापल्या देशातल्या नद्यांवर, धरणांवर, विहिरींवर काम करून आलेले असत. त्यांच्या अनुभवाला प्रवेशात जागा होती, म्हणूनच तो अभ्यासक्रम चालला. चाळिशीतल्या सरकारी अधिकाऱ्याच्या अनुभवाला जागा असते, मग एकवीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलीच्या अनुभवाला का असू नये?

आता प्राध्यापकांच्या संशोधनाकडे वळतो, कारण यादीमागची खरी शक्ती तिथं आहे. परदेशी अर्ज करणारी मुलं विद्यापीठाचं नाव आणि क्रमवारी पाहतात. जलविज्ञानात प्रवेश प्रत्यक्षात एका प्राध्यापकाकडे मिळतो. त्याच्या प्रकल्पाला अनुदान असतं, त्यातून विद्यार्थ्याला असिस्टंटशिप मिळते, म्हणजे फी आणि महिन्याचा खर्च. ज्याला प्राध्यापक घ्यायला तयार नाही त्याला विभाग सहसा घेत नाही. म्हणून प्राध्यापक कशावर काम करतो, यावर कसा विद्यार्थी आत येईल हे ठरतं. आणि गेल्या वीस वर्षांत संशोधनाचा ओघ विहिरीपासून दूर गेला आहे.

याला कारणही तसंच सबळ आहे. २००२ साली ग्रेस नावाचे, एकामागोमाग फिरणारे दोन उपग्रह सोडले गेले. जमिनीखालचं पाणी कमी-जास्त झालं की गुरुत्वाकर्षणात जो अगदी सूक्ष्म फरक पडतो, तो त्या दोघांमधल्या अंतरावरून मोजता आला. २००९ साली रॉडेल, वेलिकोन्या आणि फॅमिग्लिएटी यांनी त्याच आकड्यांवरून दाखवलं की राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली या पट्ट्यातून २००२ ते २००८ या सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल गेलं. ज्या देशात जगातला सर्वाधिक भूजल उपसा होतो, वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर, त्याला हा आरसा कोणीतरी दाखवायलाच हवा होता. विहिरीच्या काठी बसून हे कधीच दिसलं नसतं. पाठोपाठ संगणकाला शिकवण्याचं युग आलं. अमेरिकेतल्या ६७१ पाणलोटांच्या नोंदी एकत्र करून त्यांवर शिकवलेली प्रतिमानं नदीचा प्रवाह जुन्या प्रतिमानांपेक्षा चांगला सांगू लागली. हे यश खरं आहे आणि मी त्याचं कौतुकच करतो.

पण अशा उपग्रहाची नजर शेकडो किलोमीटरची असते. मांजरेच्या खोऱ्यातली विहीर त्याला दिसत नाही, कळंब तालुकाही वेगळा दिसत नाही. त्यात बेसॉल्टचं स्वतःचं एक दुखणं आहे. पातळी एक मीटर उतरली की खडकातून किती पाणी गेलं, हे सांगणारा एक आकडा असतो. गंगेच्या वाळूमिश्रित गाळात तो बारा ते वीस टक्के भरतो, आपल्या बेसॉल्टमध्ये एक ते तीन टक्के. एक हेक्टर रानाखाली पातळी मीटरभर उतरली तर एक टक्का धरून एक लाख लिटर गेलं असं निघतं, तीन टक्के धरून तीन लाख. हिशेब तिप्पट होतो. एक खरा की तीन, हे कळायला त्या गावात जाऊन, विहिरी उपसून, भरताना पाहून रात्र काढावी लागते. दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

कीथ बेव्हन या ब्रिटिश जलवैज्ञानिकानं आयुष्यभर एक अवघड गोष्ट लोकांपुढे ठेवली. प्रतिमानातले आकडे वेगवेगळे घेतले तरी नदीचा प्रवाह सारखाच बरोबर येऊ शकतो. म्हणजे उत्तर जुळलं यावरून आतलं चित्र बरोबर आहे असं ठरत नाही. खडकाला तीन टक्के देऊन पुनर्भरण जास्त धरलं आणि एक टक्का देऊन कमी धरलं, तरी पातळीचा आलेख दोन्हीकडे तसाच उतरतो. दोन्ही प्रतिमानं पास. पण गावानं रब्बीला किती पाणी उपसावं याचं उत्तर दोन्हींत वेगळं येतं. अशा वेळी कोणतं चित्र खरं ते सांगायला भेग पाहिलेला माणूस लागतो, आणि तोच माणूस छाननीत बाद झालेला असतो.

म्हणून अर्ज करणाऱ्या मुलांना मी सांगतो, प्राध्यापकाचे शेवटचे तीन-चार लेख वाचा आणि त्यांत माहिती कुठून आली तेवढंच आधी शोधा. सगळी माहिती दुसऱ्यांनी गोळा केलेली असेल, तर तिथं तुमचं गणित आणि प्रोग्रॅमिंग पाहिलं जाईल, आणि तसंच व्हायला हवं. प्राध्यापकाच्या स्वतःच्या विहिरी, स्वतःचे पर्जन्यमापक, चिखलात उतरलेले विद्यार्थी दिसत असतील, तर त्याला पत्र लिहा. त्या पत्रात गुणपत्रिका सांगू नका, ती अर्जात येतेच. तुम्ही काय मोजलं आणि तुम्हाला काय कळलं नाही, ते लिहा. अशा प्राध्यापकाला न कळलेल्या गोष्टीत रस असतो.

आणि विभागांना माझं मागणं मोठं नाही. अर्जाबरोबर मोजणीची वही मागवा. एक विहीर, एक ओढा, एक झरा, काहीही, पण महिनाभर स्वतः मोजलेलं. पुण्यातल्या मुलाला मुठेचा काठ आहे, मुंबईतल्या मुलीला मिठी आहे, खेड्यातच जन्माला यायला हवं असं काही नाही. यात लबाडी होईल, क्लासवाले तयार वह्या विकतील, असं एक जण मला म्हणाला. होईल. पण खरी वही आणि बनावट वही यांतला फरक ज्याला मुलाखतीच्या दहा मिनिटांत कळत नाही, त्यानं जलविज्ञान शिकवू नये. खऱ्या वहीत खाडाखोड असते. एखाद्या रात्री टेप हातातून पडलेली असते, एखादा आकडा इतरांशी जुळत नाही आणि तो तरीही तसाच ठेवलेला असतो. उमेदवारासमोर तो न जुळणारा आकडा ठेवायचा आणि विचारायचं, हा असा का आला? पाच वर्षांपूर्वीची गणिताची खूण जे सांगत नाही ते या एका प्रश्नातून कळतं. ज्याची वही चांगली आणि गणित कच्चं, त्याला एक सत्र जास्त द्या, गणितात नापास झाला तर नापास करा. उलट ज्याचं गणित उत्तम आणि वही कोरी, त्यालाही घ्या, पण एक उन्हाळा विहिरीवर पाठवा आणि तोही सक्तीचाच ठेवा. आज पहिल्यावर सक्ती आहे आणि दुसऱ्याला सूट आहे.

ती मुलगी आता एम.एस्सी.ला आहे. गेल्या मे महिन्यात अण्णांनी विहिरीत आडवं बोअर मारून घेतलं, तळापासून दीड मीटरवर. पाणी वाढलं. आम्ही पुन्हा मोजायला गेलो. या खेपेस टेप सोडण्याआधीच तिनं वहीत अपेक्षित आलेख काढून ठेवला होता, समीकरणासकट. त्यात दोन बाक होते. पहिला दीड मीटरवर, आडव्या बोअरशी, दुसरा दोन मीटरवर, जुन्या झऱ्याशी. पहिला बाक आला, तिनं लिहिला होता तिथंच, दोन सेंटिमीटरच्या फरकानं. दुसऱ्याची वाट पाहत आम्ही रात्रभर बसलो. पाणी दोन मीटरच्या वर गेलं आणि रेषा आपल्या वळणानं तशीच पुढं गेली.

दुसरा बाक का आला नाही, हे मला सांगता आलं नाही. मोटरनं पाणी पुन्हा उतरवल्यावर अण्णा शिडीनं उतरून झऱ्याच्या जागी हात लावून आले आणि म्हणाले, कोरडा लागतोय. आडव्या बोअरनं तीच भेग खालून फोडली असेल, किंवा वरच्या भेगेचं पाणी दुसरीकडे वळलं असेल. तिनं दोन्ही वर्षांचे आलेख आणि हा प्रश्न, भेगाळ खडकावर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांना लिहून पाठवला आहे. पदवीला गणित नव्हतं हेही पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे. उत्तर अजून यायचं आहे. सध्या ती बांधापलीकडच्या चुलत्यांच्या विहिरीची पातळी रोज सकाळी घेते आहे, अण्णांचा झरा तिकडे तर गेला नाही ना, ते पाहायला.